सांगून नव्हे, करून घेऊन

श्रोतेहो, नमस्कार.

"भांडू नका." "नीट बोला." "आपलं आपण करायला शिका." शाळेत आणि घरी लेकरांच्या कानावर ही वाक्यं दिवसातून कितीदा तरी पडतात. वाक्यं खोटी नाहीत, पण त्यांतून करायचं काय हे कळत नाही. शेजारच्यानं न विचारता कंपासपेटी उचलली, तर भांडायचं नाही, ठीक. मग कोणतं वाक्य बोलायचं? कुठल्या आवाजात? त्यानं ऐकलंच नाही, तर कुणाला सांगायचं? हे कुणी शिकवलेलं नसतं. मग लेकरू येतं ते करतं. हिसकावून घेतं, नाहीतर मुकाट्यानं डोळे पुसत बसतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० च्या दशकात शाळांसाठी दहा जीवनकौशल्यं सांगितली. स्वतःची ओळख, समानुभूती म्हणजे दुसऱ्याच्या जागी उभं राहून त्याचं मन जाणणं, निर्णय घेणं, समस्या सोडवणं, प्रभावी संवाद, ताणाला तोंड देणं, अशी ती यादी आपल्या बहुतेक शिक्षकांना माहीत आहे. अडचण पुढं येते. समानुभूतीवर अर्धा तास भाषण केलं की वर्ग शांत बसतो आणि सुट्टी झाली की नळावर ढकलाढकली सुरू होते. विहिरीच्या काठावर बसून पोहणं सांगितल्यासारखंच ते. कौशल्य लहान तुकड्यांत मोडावं लागतं आणि लेकरांकडून प्रत्यक्ष करून घ्यावं लागतं.

एकच कौशल्य जवळून बघू : अडलं तर विचारणं. वरवर सोपं वाटतं, पण त्यात पाच पायऱ्या आहेत. आधी स्वतः एकदा प्रयत्न करायचा. मग नेमकं कुठं अडलं तिथं बोट ठेवायचं. हात वर करायचा आणि समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत थांबायचं. नेमकं वाक्य बोलायचं : "सर, हातचा घेतला इथपर्यंत समजलं, पुढचं कळंना झालंय." आणि उत्तर मिळालं की ते आपल्या शब्दांत परत सांगून बघायचं.

बिघाड बहुतेक वेळा दुसऱ्या पायरीवर होतो. मूल म्हणतं, "काहीच कळलं नाही." गुरुजी सगळं पहिल्यापासून सांगतात, मूल मान हलवतं आणि गणित होतं तिथंच राहतं. म्हणून वेगळा सराव बोट ठेवण्याचाच घ्यावा. फळ्यावर अर्धवट सोडवलेलं उदाहरण द्या आणि मुलांना फक्त अडण्याची जागा दाखवायला सांगा, उत्तर मागूच नका. दुसरा बिघाड आपल्या बाजूचा असतो. आपण प्रश्न विचारतो आणि पुरता क्षणही न थांबता पुढच्या मुलाकडं वळतो. मेरी बड रो या अमेरिकी संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांतली ही शांतता मोजली. शिक्षक सरासरी सेकंदभर थांबत होते. तेच तीन सेकंद थांबले, तेव्हा उत्तरं लांब झाली आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागली. मनात सावकाश पाचपर्यंत मोजा, तेवढं पुरतं.

आता हे वर्गात बसवायचं कसं? एक तास ३५-४० मिनिटांचा. त्यातली वीस मिनिटं पुरतात. दोन मिनिटांत पायऱ्या सांगा आणि फळ्यावर लिहा. तीन-चार मिनिटं स्वतः करून दाखवा, हे करताना मनात काय चाललंय तेही मोठ्यानं बोला. पुढची दहा मिनिटं मुलांकडून करून घ्या. तिघांचा गट करा : एक विचारणारा, एक उत्तर देणारा, तिसरा पायऱ्यांची चिठ्ठी हातात धरून बघणारा. दर तीन मिनिटांनी भूमिका बदला. चाळीस मुलांचा वर्ग असेल तर बारा गट तिघांचे आणि एक गट चौघांचा, त्यात दोघं बघणारे. उरलेल्या वेळात काय जमलं आणि काय राहिलं ते सांगा. आठवड्याला असे दोन तास, आणि एका कौशल्याला दोन-तीन आठवडे. दर सोमवारी नवं कौशल्य काढलं, तर वर्षअखेर मुलांकडं नावं उरतात, हाती काही लागत नाही.

चुकीचं वागणं दाखवायचं असेल तर ते शिक्षकानं दाखवावं, मुलाकडून कधीही करवून घेऊ नये. वर्गातल्या दांडग्या पोराला "भांडण करून दाखव" म्हटलं की वर्ग हसतो, पोराला वाहवा मिळते आणि सराव नको त्या गोष्टीचा होतो. नुसत्या "शाब्बास"नंही काम होत नाही. "तिचं बोलणं संपेपर्यंत तू थांबलास" असं म्हटलं, की काय बरोबर झालं ते त्याला कळतं. सुधारणा एका वेळी एकच सांगा आणि लगेच पुन्हा करून घ्या. अशी कौशल्यं शिकवणाऱ्या, मुख्यतः अमेरिकी शाळांमधल्या २१३ उपक्रमांचा एकत्र आढावा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दोन लाख सत्तर हजारांहून अधिक विद्यार्थी होते. क्रमानं, कृतीतून, पुरेसा वेळ देऊन आणि नेमकं कौशल्य ठरवून शिकवलं, तिथं परिणाम चांगले दिसले. अभ्यासातली प्रगतीही वाढलेली आढळली. "यात वेळ गेला तर पोर्शन कसा पुरा होणार" ही काळजी खरी असली, तरी हा आढावा त्याला चांगलं उत्तर आहे.

भाषेबद्दल आम्हाला फार कळकळीनं सांगायचं आहे. मराठवाड्याच्या एकेका वर्गात तांड्यावरची, गोरमाटी म्हणजे बंजारा बोली बोलणारी मुलं असतात, घरी दखनी बोलणारी असतात, देगलूर-बिलोलीकडं तेलुगू बोलणारी असतात. संवादाचा सराव चालू असताना "म्हनलो नाही, म्हणालो म्हण" असं टोकलं, की मूल दोन गोष्टी एकदम शिकू शकत नाही. ते बोलणंच बंद करतं. सरावाच्या वेळी ज्या बोलीत जीभ सैल सुटते त्या बोलीत बोलू द्या. प्रमाण मराठीचा तास वेगळा आहेच. तसंच नजरेचं. परदेशी पुस्तकांत "डोळ्यांत बघून बोला" असं असतं. आपल्याकडं वडीलधाऱ्यांसमोर नजर खाली ठेवणं हा मान समजतात, मुलींना तर तेच शिकवलेलं असतं. अंग समोरच्याकडं वळलेलं आणि आवाज त्याला ऐकू जाईल एवढा, एवढं पुरे धरा.

वर्गात आलेलं वर्गाबाहेर येत नाही, ही नेहमीची तक्रार. त्याचं कारण सराव एकाच जागी, एकाच माणसासमोर होतो. खिचडीची रांग, पाण्याचा नळ, मैदान, या खऱ्या जागा. मार्च-एप्रिलमध्ये टाकी लवकर रिकामी होते आणि नळावरची भांडणं वाढतात. "माझा नंबर तुझ्यानंतर" हे कौशल्य फेब्रुवारीतच घ्यावं. वाढणाऱ्या ताईंनाही सांगून ठेवा, की या आठवड्यात मुलं "थोडी खिचडी अजून द्या" असं पूर्ण वाक्य बोलतील, तेव्हाच वाढा.

स्वतःला आवरण्याचा भाग आणखी नाजूक. वहीच्या पानाची एक छोटी चिठ्ठी करा, तिच्यावर एकच गोष्ट लिहा आणि तीही दिसेल अशी : "तास सुरू होताना वही-पेन बाहेर." "नीट वागलो" असं लिहू नका, ते मोजता येत नाही. दिवसाला सहा तास, म्हणजे सहा चौकोन. मूल स्वतः खूण करतं. पहिला आठवडा शिक्षकही वेगळी खूण करतात आणि दोघांच्या खुणा जुळल्या की कौतुक होतं, जमलेलं नसलं तरी. कारण आधी खरं टिपणं शिकायचं आहे. आज सहापैकी दोन जमत असतील तर उद्दिष्ट तीन ठेवा. एकदम सहा ठेवलं, तर दुसऱ्या दिवशी चिठ्ठी हरवते. पुढं शिक्षकांची तपासणी एक दिवसाआड आणि नंतर आठवड्यातून एकदा करा. ही चिठ्ठी भिंतीवर लावायची नाही आणि पालकांच्या हाती पुरावा म्हणून द्यायची नाही. चारचौघांत पाणउतारा हा मानसिक छळच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं अशा छळालाही मारासारखीच बंदी आहे.

रागासाठी जर-तरचं वाक्य आधी ठरवून ठेवावं : "जर कुणी मला टोपणनावानं चिडवलं, तर मी दोन पावलं मागं जाईन आणि 'मला हे नाव आवडत नाही' म्हणेन." सोबत श्वास : चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर, पाच वेळा. हे परिपाठात, मन शांत असताना शिकवायचं. भांडण पेटल्यावर "श्वास घे" म्हटलं तर मूल आणखी भडकतं. बळजबरीचं "सॉरी"ही टाळा. त्याऐवजी मुलाला विचारा, झालेलं नुकसान तू कसं भरून देशील.

एक गोष्ट ध्यानात असू द्या. बोलकं मूल एकाएकी मिटलं, शाळेला यायला घाबरू लागलं, तर त्याला कौशल्य कमी पडतंय असं समजू नका. एकांतात, घाई न करता ऐकून घ्या आणि त्याला धोका आहे असं वाटलं तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवा. "नाही" म्हणायला शिकवलं म्हणून मोठ्यांची जबाबदारी मुलावर जात नाही.

शेवटी ऊसतोडीवरून परत येणाऱ्या लेकरांविषयी. बीड, जालना, धाराशिवकडची कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांवर जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये गावी येतात. हंगामी वसतिगृहात राहिलेली मुलं शाळेत टिकतात, सोबत गेलेली मात्र परत येऊन अनोळख्यासारखी बसतात. त्यांना खेळात शिरण्याच्या पायऱ्या शिकवा : जवळ उभं राहायचं, खेळ समजून घ्यायचा, डाव थांबला की "मला घेता का?" विचारायचं, नाही म्हटलं तर दुसऱ्या गटाकडं जायचं. मधेच चेंडू पळवणारं पोर बाहेर फेकलं जातं, म्हणून डाव थांबेपर्यंत वाट बघण्याची पायरी सोडू नका. पण निम्मं काम गावात राहिलेल्या मुलांचं आहे. "ये, तू आमच्याकडून खेळ" हे म्हणण्याचा आणि खेळाचे नियम दोन वाक्यांत सांगण्याचा सराव त्यांच्याकडून करून घ्यावा लागतो. येणाऱ्या प्रत्येक मुलासाठी दोन सोबती ठरवा, एक बाकावरचा आणि एक मैदानावरचा. आणि हा सराव होळीच्या आधी, गाड्या गावाकडं वळण्यापूर्वी पुरा करा.

नमस्कार.