बुडबुडा नेमका किती मोठा?

(पडद्यावर नकाशा. त्यावर लहानमोठी वर्तुळं.)

इंदूर, लोकमान्य नगर. लॅपटॉपवर माळव्यातल्या मंड्या दिसतायत. इंदूर, उज्जैन, देवास. प्रत्येक जागी एक वर्तुळ. जितकी सोयाबीनची आवक, तितकं ते मोठं.

चित्र काढलंय मॅटप्लॉटलिबनं. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, जॉन हंटर यांनी सुरू केली, अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युत संकेत पाहता यावेत म्हणून. पहिली आवृत्ती २००३ ची. आज ती जगभरचे लोक मिळून सांभाळतात, आणि कुठलं फंक्शन, म्हणजे ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा, काय करतं ही माहितीही तेच लिहितात.

या घरातली मुलगी सध्या त्याच कामात आहे. वर्तुळं काढणारं फंक्शन स्कॅटर, आणि त्यातलं एकच अक्षर, एस. म्हणजे वर्तुळाचा आकार.

माहितीत लिहिलंय, आकार पॉइंटच्या वर्गात. पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग. अगदी बरोबर. पण पुरेसं आहे का? तपासायला तिनं शेजारच्या काकांना बसवलंय. निवृत्त गणित शिक्षक, पायथनचा गंध नाही.

"काका, एस दुप्पट केला तर वर्तुळाची रुंदी किती होईल?"

"वर्ग म्हटलंय ना गं? मग क्षेत्रफळ दुप्पट. रुंदी १.४१ पट. पण हे मला कागदावर मांडावं लागलं. इथं सरळ लिहायला काय हरकत आहे?"

काहीच हरकत नाही. उलट गरज आहे, कारण प्लॉट या भावंड फंक्शनमध्ये मार्करसाइझ साध्या पॉइंटमध्ये देतात. तिथले ६ म्हणजे इथले ३६. हे माहीत नसलेला माणूस आवक दुप्पट असूनही वर्तुळ दुप्पट रुंद का होत नाही म्हणून आकड्यांचाच वर्ग करून टाकतो. मग दुप्पट आवकेची मंडी चौपट भासते. कोड बिनतक्रार चालतो, एरर येत नाही, आणि नकाशा धडधडीत खोटं सांगतो.

(पडद्यावर कोडची फाइल.)

दुरुस्ती दोन वाक्यांची. ती करायची कुठं, हे शोधण्यातच खरी दमछाक. लोक फंक्शन वापरतात पायप्लॉट या मॅटप्लॉटलिबच्या भागातून, पण मजकूर तिथं नाहीच. तो अ‍ॅक्सेस या दुसऱ्या भागाच्या फाइलीत, फंक्शनच्या नावाखाली लिहिलेला. पायप्लॉट तिथून उचलतं.

उदाहरणासाठी आधी रँडम आकड्यांचा रंगीबेरंगी ढग होता. दिसायला छान, शिकायला निरुपयोगी. आता तीनच वर्तुळं आहेत : एस १००, २०० आणि ४००. पहिल्याच्या दुप्पट रुंद तिसरं आहे, दुसरं नव्हे.

"हे आधी दाखवायचंस ना!" काका म्हणतात.

पुढचा नंबर हिस्टोग्रामचा, म्हणजे आकडे गटागटांत मोजून दाखवणाऱ्या आलेखाचा. गटांच्या कडा १, २, ३, ४ दिल्या, तर ३ हा आकडा तिसऱ्या गटात मोजला जातो आणि ४ सुद्धा त्यातच, कारण फक्त शेवटचा गट आपली उजवी कड आत घेतो. माहितीत हे उदाहरणासकट आहे. काकांना एका वाचनात समजलं, तेव्हा त्या परिच्छेदाला ती हात लावणार नाहीये.