आज पी-वन का पी-टू?

(दृश्य: गच्चीवरून लक्ष्मी रस्ता, सकाळ)

सकाळचे सात. पुण्यातला लक्ष्मी रस्ता एवढा रुंद आहे, हे दिवसभरात फक्त याच वेळी कळतं. दूधवाला मधोमध सायकल चालवतोय. झाडणारी बाई कडेला पोचते आणि थांबते, कारण तिथे रात्रभर उभ्या असलेल्या दुचाकी आहेत. त्यांच्याखालचा कचरा तसाच राहतो.

(दृश्य: पी-१, पी-२च्या पाट्या)

आज १० डिसेंबर. तारीख सम, म्हणजे पी-टू. पेठांतल्या रस्त्यांवर विषम तारखेला एका बाजूला गाड्या लावायच्या, सम तारखेला समोरच्या. पाटी कुठे झाडाआड, कुठे फ्लेक्सच्या मागे. म्हणून पुणेकर पाटी शोधत बसत नाही, पानवाल्याला विचारतो. महिनाअखेरीला तर गंमतच. ३१ विषम, दुसऱ्या दिवशीची १ तारीखही विषम. समोरच्या दुकानदारांना सलग दोन दिवस मोकळा दर्शनी भाग!

(दृश्य: करडी मोपेड, तीन वेगवेगळ्या वेळी)

ही करडी मोपेड बघून ठेवा. साडेनऊला, शटर उघडायच्या आधी लागली. दुपारी दोनला तिथेच. संध्याकाळी सातलाही तिथेच. गाडी दुकानातल्याच माणसाची आहे.

गिऱ्हाईक मात्र फेऱ्या मारतंय. रस्ता एकेरी. जागा हुकली की थेट अलका चौक, तिथून केळकर रस्त्यानं अप्पा बळवंत चौक, मग शिवाजी रस्ता, आणि पुन्हा लक्ष्मी रस्ता. या गर्दीतल्या कितीतरी गाड्यांना कुठे जायचंच नाहीये. त्यांना फक्त थांबायचंय.

(दृश्य: टोइंगचा टेम्पो. मूळ आवाज राहू द्यावा, निवेदन नाही.)

(दृश्य: मंडईची इमारत, मग पार्किंगचा उतार)

मंडईची ही इमारत १८८६ सालची. तेव्हा इथे बैलगाडीतून भाजी यायची. तिच्याजवळच हे आर्यन पार्किंग. नाव नीट ऐका. १९१५ साली इथे आर्यन थिएटर सुरू झालं. पुण्यात सिनेमा बघायची सवय लागली ती अशा जागांमध्ये. मंडईजवळचंच मिनर्व्हा, तेही थिएटर होतं, तेही आता पार्किंग. खिडकीवर तिकीट फाडायचे, आता पावती फाडतात. दोन थिएटरं दिली, तरी बाहेर कडेला गाड्या आहेतच, कारण तिथे लावली की पैसे पडत नाहीत. रस्त्यावरच्या पार्किंगला पैसे घ्यायचं धोरण महापालिकेनं २०१८मध्ये मंजूर केलं. विरोध झाला. धोरण फायलीत राहिलं.

गाड्या लावलेल्या बोळांत आगीचा बंब वळवताना काय होतं, ते पेठेत राहणाऱ्यांना विचारा.

(दृश्य: मंडई मेट्रो स्थानक, सरकता जिना)

सप्टेंबर २०२४पासून मेट्रो थेट मंडईखाली येते. जिन्यावरून वर आलेल्या माणसाला पहिली भेटते ती दुचाकींची रांग. दोन हँडलांमधून तिरकं होऊन निघावं लागतं. या आजी पिशवी डोक्यावर धरून निघाल्या.

(दृश्य: ११ डिसेंबर, तोच रस्ता, वाहनांविना)

आणि हा दुसरा दिवस. पादचारी दिन. २०२१पासून महापालिका ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा एक तुकडा गाड्यांना बंद करते. नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक, एवढाच. अनंत चतुर्दशीला मिरवणुकीसाठी हा रस्ता बंद राहतो आणि शहर निभावून नेतं, तेव्हा जमत नाही असं म्हणायला फारशी जागा नाही.

मुलं खडूनं रस्त्यावर चित्रं काढतायत. कोणी खुर्ची टाकून बसलंय. त्या कालच्याच आजी. आज पिशवी हातात आहे.

(दृश्य: रात्र, बॅरिकेड उचलताना)

रात्री बॅरिकेड हटतात. तारीख अजून अकराच, म्हणजे पी-वन. पहिली मोपेड येते आणि बरोब्बर त्या बाजूला लागते.