व्हाळ आधी चालून बघायचा

(दृश्य: पहाटेचा पाऊस, कौलांवरून गळणाऱ्या पागोळ्या, अंगणात पालथ्या घातलेल्या चार कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या छोट्या होड्या)

जुलै महिना, संगमेश्वर तालुका, सह्याद्रीच्या पायथ्याला चिकटलेलं एक गाव. रात्रभर घाटमाथ्यावर पाऊस कोसळतोय आणि आम्ही चौघं पडवीत बसून नुसता आवाज ऐकतोय, कारण गावामागचा व्हाळ, म्हणजे ओढा, किती चढलाय ते डोळ्यांच्या आधी कानाला कळतं.

कोकणातलं पाणी घाईतच असतं. माथा हजार मीटरच्या आसपास, समुद्र तिथून ५०-६० किलोमीटरवर आणि त्यातली बरीचशी उंची पहिल्या काही किलोमीटरमध्येच संपते, म्हणजे रेंगाळायला जागाच नाही, काळ्या कातळावरून पायऱ्या-पायऱ्यांनी धडाधड खाली यायचं, शास्त्री नदीला मिळायचं आणि मग पुढे जयगडची खाडी. कयाकने उतरायला आम्हाला हवाय तो हा पायऱ्यांचा तुकडा.

आम्ही कयाक शिकलो कोलाडला, कुंडलिकेवर. तिथे भिऱ्याच्या वीजघरातून पाणी येतं, १९२७ पासूनचं वीजघर आहे ते, मुळशी धरणाचं पाणी टर्बाइन फिरवून नदीत पडतं. (याच धरणात जमिनी जाणार म्हणून मुळशीचे शेतकरी १९२१ ला सत्याग्रहाला उतरले होते, राफ्टमध्ये बसणाऱ्या प्रत्येकाला हे कुणीतरी सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.) तिथे पाणी सोडायची वेळ ठरलेली असते. इथे घड्याळ पावसाच्या हातात.

(दृश्य: काठाकाठाने चालणारे चौघं, हातात बुडणाऱ्याला फेकायच्या दोरीच्या पिशव्या)

म्हणून सकाळी कयाक अंगणातच ठेवल्या आणि आधी चालत निघालो. पाण्याच्या कडेला एका दगडावर खूण केली, अर्ध्या तासाने बघितलं तर पाणी खुणेखाली, म्हणजे उतरतंय. पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा नि काटक्या वाहत यायला लागल्या, तर वर लोंढा सुटलाय समजायचं आणि काठ धरायचा, हे गावातल्या पोरासोरांनाही माहीत असतं.

चालताना काय बघायचं? पाणी कुठून जातंय हे तर बघायचंच, पण माणूस कुठे अडकेल हे जास्त बघायचं. आडवं पडलेलं झाड सगळ्यात वाईट, फांद्यांमधून पाणी निघून जातं आणि माणूस तिथेच राहतो. कातळ आतून पोखरलेला असला तरी तेच.

(दृश्य: पहिली कयाक कड्याच्या टोकावर)

मग उडी. साधारण दोन पुरुष उंचीचा धबधबा, खाली फेसाळ डोह. सरळ नाक खुपसलं तर कयाक फेसात बुडते आणि फेसात हवाच जास्त, त्यामुळे ती नीट तरंगत नाही, पडणारं पाणी तिला परत मागे ओढतं. म्हणून कड्याच्या अगदी टोकावर पोचल्यावर एक जोरदार वल्हं मारायचं, नाक वर उचलायचं आणि फेसाच्या पुढे सपाट उतरायचं. याला बूफ म्हणतात. वल्हं क्षणभर आधी पडलं तरी फुकट, उशिरा पडलं तरी फुकट. आणि हेच सपाट उतरणं फार उंचावरून, फेस नसलेल्या पाण्यावर झालं तर पाठीचा कणा जातो, म्हणून उंची बघूनच ठरवायचं.

चौघंही नीट उतरलो. माझे हात मात्र पुढचा अर्धा तास थरथरत होते.

(दृश्य: सिमेंटचा बंधारा, वरून काचेसारखं सपाट पाणी)

आणि मग हा बंधारा. जेमतेम छातीइतका. वरून बघितलं तर वाटतं, आत्ताच एवढा धबधबा मारला, हे काय! काठावर इरलं घेतलेले एक आजोबा उभे होते, ते एवढंच म्हणाले, "बंधाऱ्याखालचा पानी बरा नाय, मानसाला सोडत नाय."

शब्द न् शब्द खरा आहे. नैसर्गिक धबधब्याला कुठेतरी फट असते, एका बाजूने पाणी बाहेर पळतं. बंधारा या काठापासून त्या काठापर्यंत एकसारखा, पडलेलं पाणी तळाला जातं, थोडं पुढे वर येतं आणि वरचं पाणी उलटं बंधाऱ्याकडेच वाहतं, दोन्ही बाजूंना भिंती. त्यात सापडलेला माणूस लाइफ जॅकेट असूनही गोल गोल फिरत राहतो. पावसाळ्यात कुणी तुमच्या गावच्या बंधाऱ्याखाली पोहायला उतरत असेल तर त्याला हात धरून मागे ओढा, खरंच ओढा.

आम्ही कयाक खांद्यावर घेतल्या. शेताच्या बांधावरून, चिखलात घसरत, लावणी करणाऱ्या बायकांना वाट द्या ओ वहिनी म्हणत खाली गेलो आणि बंधाऱ्याच्या बरंच पुढे पुन्हा पाण्यात उतरलो.

(दृश्य: दुसरा दिवस, ऊन)

रात्री पाऊस थांबला. काल जिथे उडी मारली तिथे आज गुडघाभर पाणी आणि गावातली पोरं दगड उलटून किरवी धरतायत.