कूलर लावण्याआधी सॉकेट तपासा

नमस्कार श्रोतेहो.

मार्च सरत आला की आपल्याकडं माळ्यावरचा कूलर खाली उतरतो. परभणी असो, बीड असो की नांदेड, त्याच्यावाचून दुपार निघत नाही. टाकी धुतली जाते, वाळा बदलला जातो, पंप चालतो का बघितलं जातं. पिन ज्यात खोचायची ते सॉकेट मात्र कुणी बघत नाही. पत्र्याची बॉडी, आत पाणी, खाली ओली फरशी आणि आपले अनवाणी पाय!

"आमच्याकडं एमसीबी आहे की," असं सांगणारे पुष्कळ भेटतात. अहो, सोळा अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जास्त करंट झाला की आपोआप पडणारा खटका, वायर जळू नये म्हणून असतो. माणूस दगावायला अँपिअरचा लहानसा अंश पुरतो, तेवढ्यानं एमसीबी हलतसुद्धा नाही. माणूस वाचवायला आरसीसीबी लागतो. दुकानात अजून ईएलसीबीच म्हणतात. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, एवढंच तो बघतो. फरक पडला की क्षणात लाईट तोडतो. घेताना ३० मिलीअँपिअरचाच घ्या. १०० आणि ३०० चेही मिळतात, पण शॉकपासून वाचवायला ते कामाचे नाहीत.

त्याच्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबा, खटका पडला पाहिजे. नाही पडला तर आरसीसीबी बदला. मात्र लाईट असतानाच दाबा. भारनियमनात दाबून "बिघडलाय" म्हणू नका. आणि खटका पडला म्हणजे अर्थिंगही, म्हणजे पत्र्यावर आलेला करंट जमिनीत नेणारी वायरही, ठीक, असं समजू नका. अर्थिंग तुटलेली असली तरी या बटणानं खटका पडतोच.

सॉकेटचं वरचं मोठं भोक अर्थिंगचं. समोरून बघताना उजवीकडं फेज, डावीकडं न्यूट्रल. टेस्टर उजवीकडं पेटला की लोक निश्चिंत होतात, पण वरच्या भोकामागं वायर आहे का, हे टेस्टर सांगत नाही. कित्येक बोर्डांत ती नसतेच. त्याहून वाईट म्हणजे न्यूट्रललाच वायरचा तुकडा जोडून तो वरच्या भोकाला दिलेला असतो. मला खरी चीड येते ती या कामाची. उद्या मागं कुठं न्यूट्रल तुटली, तर चालू कूलरमधून फेज सरळ पत्र्यावर येतो. तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टरसुद्धा ही लबाडी पकडत नाही, "सगळं बरोबर" असंच दाखवतो. मेन बंद करून, बोर्ड उघडून बघावं लागतं. जाणत्या वायरमनकडून, पण तुमच्या डोळ्यांसमोर.

अर्थिंगचा खड्डाही बघा. मे महिन्यात काळी जमीन भेगाळते, खड्डा कोरडा पडतो. अर्थिंगचा रोध ५० ओहमवर गेला, तर फेज पत्र्याला लागला तरी २३० व्होल्टला साडेचार अँपिअरच वाहतात आणि सोळाचा एमसीबी न पडता तसाच उभा राहतो. उन्हाळाभर खड्ड्यात पाणी टाकत जा.

आरसीसीबी सारखा पडायला लागला की "दादा, काढूनच टाकू हा," असं म्हणणारा वायरमन भेटतोच. काढू देऊ नका. आधी घरातल्या सगळ्या पिना उपसा. नुसती बटणं बंद करून भागत नाही. मग खटका वर करून एकेक पिन लावत जा. ज्या पिनेला खटका पडला, दोष त्या उपकरणात. कूलर निघाला, तर पिन काढून आधी पंपाची वायर बघा. टेप गुंडाळून केलेला जोड पाण्यात लोंबत असेल, तर नुसती टेप बदलू नका, अखंड वायरचा नवा पंपच बसवा.