पंच कुठं आहे?

[दृश्य: पहाट. ओला रस्ता. ऑटोच्या मागे कोंबलेली मोठी निळी बॅग.]

शनिवार, सकाळचे सव्वासहा. रात्रभर पडून जुलैचा पाऊस आत्ता कुठे दम खायला थांबलाय. धरमपेठेत पोह्याच्या ठेल्यावर नऊ पोट्टे आणि पाच पोट्ट्या उभ्या आहेत आणि त्यांची कॅप्टन चौथ्यांदा तेच सांगून राहिली आहे, "तर्री नका घेऊ बे, आठला मॅच आहे."

सगळे तर्री घेतात. हरभऱ्याचा लालभडक रस्सा पोह्यांवर, वरून कांदा, लिंबाची फोड. कॅप्टनही घेते, थोडीशी. हे दाखवू नका असं तिने आम्हाला बजावलं होतं.

हा नागपुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजचा अल्टिमेट फ्रिस्बीचा संघ. डिस्क, म्हणजे प्लास्टिकची तबकडी, एकमेकांकडे फेकत खेळायचा हा खेळ. खेळाडूंची नावं या फिल्ममध्ये येणार नाहीत. दोघांच्या घरी ते आज लायब्ररीत बसले आहेत असं सांगितलेलं आहे, आणि दोघांना लपवायचं तर बाकीच्यांनाही लपवलेलं बरं. जर्सीवरच्या आकड्यांनी काम भागेल.

[दृश्य: कॉलेजचं मैदान. गोलपोस्टखाली साचलेलं पाणी.]

एरवी ते इथे खेळतात. उन्हाळ्यात ही काळी माती भेगाळते, पावसाळ्यात बुटाला धरून बसते. मैदानाची एक चक्कर मारा, पाय दुसऱ्या कोणाचे तरी वाटायला लागतात. म्हणून पावसाळ्यातली ही दोन दिवसांची स्पर्धा छपराखाली. आठ संघ आहेत. काही पुण्याकडून रात्रीच्या गाडीने आलेत, काही हैदराबादकडून.

[दृश्य: हॉलचा दरवाजा. बाहेर चिखलाने माखलेल्या बुटांची रांग.]

चिखलाचे बूट बाहेर. आत फक्त सपाट, डाग न पाडणाऱ्या तळाचे. पहिली पंचाईत इथेच. मैदानावर हे सगळे फुटबॉलचे स्टड घालतात. कोर्टावर स्टड चालत नाहीत. बॅडमिंटनचे बूट मागून-मिळवून झाले तेरा जोड. माणसं चौदा. त्यामुळे सात नंबर कोर्टाबाहेर आला की बाकावर बसून बूट काढतो आणि चार नंबर तेच घालून आत पळतो. चारचा पाय एका नंबरने लहान, म्हणून तो दोन-दोन मोजे चढवतो. सकाळी या अदलाबदलीला मिनिटभर लागत होतं. दुपारी नाडीही सुटत नव्हती.

पहिली मॅच. निकाल सांगून टाकतो, १३–४, हरले.

कारण मात्र बघण्यासारखं आहे. कॉलेजच्या मैदानावर पावसाळ्यात वारा असतोच. दीड वर्ष ही मंडळी त्या वाऱ्याशी वाद घालत फेकायला शिकली. डिस्कची बाहेरची कड जरा दाबून धरायची, जोर थोडा जास्त लावायचा, पुढचं काम वारा करतो. इथे खिडक्या बंद, पंखेही बंद. वाद घालायला समोर कोणीच नाही. डिस्क सुटते, सरळ जाते आणि जातच राहते, आपल्या माणसाच्या डोक्यावरून थेट भिंतीवर. धप्प. पहिल्या दहा मिनिटांत हा आवाज आमच्या माईकने नऊदा टिपला.

[दृश्य: डिस्क, अगदी जवळून. कडेला नखांचे ओरखडे.]

ही ती डिस्क. वजन १७५ ग्रॅम. कॅप्टनची आजी हिला डब्याचं झाकण म्हणते आणि ती फार चुकत नाही. अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या ब्रिजपोर्ट गावी फ्रिस्बी नावाची बेकरी होती. तिच्या पत्र्याच्या ताटल्या पोरं हवेत भिरकावत, आणि नाव तिथून आलं. पुढे फ्रेड मॉरिसन याने प्लास्टिकची उडती तबकडी बनवली आणि १९५७ साली वॅम-ओ कंपनीने ती बाजारात आणली. वरच्या बाजूला बोटाला लागतात त्या बारीक गोल रेघा. त्या शोभेच्या नाहीत. त्यांच्यामुळे डिस्क हवेत स्थिर राहते. ही सुधारणा एड हेड्रिक याची. २००२ मध्ये तो गेला तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची राख प्लास्टिकमध्ये मिसळून डिस्क बनवल्या गेल्या. हे ऐकून चार नंबरने हातातली डिस्क हळूच खाली ठेवली. ती त्यातली नाही, हे त्याला दोनदा सांगावं लागलं.

डिस्क तरंगते ती आकारामुळे. वरून फुगीर, खालून पोकळ. पण नुसत्या आकारावर ती दोन हात गेली की कलंडेल. तिला सरळ ठेवते ती गिरकी. म्हणून सगळं कसब मनगटात. नवीन पोट्टे खांद्याने फेकतात आणि रात्री खांद्याला स्प्रे मारत बसतात.

[दृश्य: दुसरी मॅच. छताचे लोखंडी गर्डर.]

दुसऱ्या मॅचमध्ये सात नंबरला हुक्की आली. हॅमर म्हणजे डोक्यावरून, डिस्क उभी धरून केलेली फेक. मैदानावर ती दिसते झकास. इथे ती वर गेली, आणखी वर गेली आणि गर्डरवर जाऊन बसली. खाली आलीच नाही. दहा माणसं माना वर करून उभी. मग कोणीतरी बॅगेतून दुसरी काढली. ही मॅच त्यांनी जिंकली, पण दिवसभर जो तो वरच बघत होता.

[दृश्य: दुपार. हॉलच्या दारात छत्री मिटणारे पन्नाशीचे गृहस्थ. हातात स्टीलचा डबा.]

हे अकरा नंबरचे वडील. काटोलहून एसटीने आलेत. डब्यात गोळाभात आहे आणि वेगळ्या बाटलीत लसणाची फोडणी. तरुणपणी कबड्डी खेळलेला माणूस. पाच मिनिटं खेळ पाहिला, मग आमच्याकडे वळले.

"पंच कुठं आहे?"

पंच नाही, काका.

"नाही म्हणजे? जेवाले गेला?"

नाही, या खेळात पंच नसतोच.

काकांनी डबा खाली ठेवला. "मंग भांडण झालं त कोण सोडवते?"

ज्यांचं झालं तेच.

काकांना आम्ही जेवढं सांगू शकलो ते असं. मैदानावर हा खेळ सात-सात जणांचा, १०० मीटर लांब आणि ३७ मीटर रुंद जागेत. हॉलमध्ये पाच-पाच जण, हँडबॉलच्या कोर्टावर, म्हणजे ४० बाय २० मीटर. पाचात तीन मुलगे असले तर दोन मुली, किंवा उलट. डिस्क हातात आली की पळायचं नाही. एक पाय रोवायचा आणि फेकायची. समोरचा खेळाडू मोठ्याने आकडे मोजतो. इथे आठ म्हणायच्या आत डिस्क हातातून सुटली पाहिजे. खाली पडली की समोरच्यांची. पलीकडच्या टोकाच्या पट्ट्यात आपल्याच माणसाने झेलली की एक पॉइंट. धक्का लागला तर ज्याला लागला तो ओरडतो, "फाउल." खेळ थांबतो. ज्याने लावला तो एकतर मान्य करतो किंवा नाही करत.

"पोरं-पोरी एकत्र," काका म्हणाले. इतकंच. नंतर बराच वेळ काही बोलले नाहीत. अकरा नंबरने एका मुलाच्या पुढ्यातून डिस्क हिसकली तेव्हा मात्र त्यांचा हात आपसूक मांडीवर पडला, कबड्डीवाल्याचा पडतो तसा.

या खेळाचं मूळ १९६८ सालचं. न्यू जर्सीतल्या मेपलवूड गावचं कोलंबिया हायस्कूल, आणि जोएल सिल्व्हर नावाचा एक विद्यार्थी, जो पुढे हॉलिवूडमध्ये मोठा निर्माता झाला. शाळेच्या पोरांनी चालवलेला खेळ, पंच आणणार कुठून? पण खेळ मोठा झाला, १९८५ मध्ये जागतिक महासंघ झाला, २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची मान्यता आली, तरी जागतिक स्पर्धेतसुद्धा निर्णय खेळाडूच घेतात. काकांना ऑलिंपिकवाली गोष्ट पटली नाही. त्यांनी ती आमच्याकडून पुन्हा वदवून घेतली.

[दृश्य: संध्याकाळ. कोर्टाच्या कोपऱ्यात प्लास्टिकची बादली. टप, टप.]

साडेचारला आभाळ फुटलं आणि छत गळायला लागलं. डाव्या पट्ट्याच्या कोपऱ्यात, अगदी रेघेवर. बादली ठेवली तर खेळाडू अडखळणार, नाही ठेवली तर घसरणार. शेवटी दर पॉइंटनंतर बाकावरचा एक जण पोछा घेऊन धावेल असं ठरलं, दोन्ही संघांनी आळीपाळीने. ही व्यवस्थासुद्धा कोणा अधिकाऱ्याने लावलेली नव्हती. तिसरी मॅच हरले. आता कोणाकडे कोरडा टीशर्ट उरलेला नाही आणि ओल्या हातातून डिस्क साबणासारखी निसटते. गोळाभात चौदा जणांत दोन-दोन घास आला. फोडणीची बाटली काकांनी स्वतःच्या हाताने फिरवली.

रात्री सावजीला जायचा बेत कॅप्टनने हाणून पाडला. यावेळी तिचं ऐकलं, बहुतेक तर्रीच्या अनुभवामुळे.

[दृश्य: रविवार, सकाळचे दहा. स्कोअरबोर्डच्या पाटीवर ९–९.]

वेळ संपली आहे. पुढचा पॉइंट जो घेईल तो जिंकेल.

चार नंबरने डाव्या पट्ट्यात लांब, खाली-खाली जाणारी डिस्क सोडली. अकरा नंबरने अंग झोकून दिलं. डिस्क, हात आणि जमीन एकाच ठिकाणी, एकाच क्षणी. ती उठली तेव्हा डिस्क तिच्या हातात होती आणि आमचे चौदाच्या चौदा ओरडत होते. शेजारी पडलेली पिवळ्या जर्सीतली मुलगी मात्र बसल्या बसल्या म्हणाली, "खाली लागली."

"नाही लागली."

"मी बघितलं ना. आधी जमिनीला लागली."

"माझ्या हातात होती. मला कळणार नाही का?"

हॉलमध्ये पावसाचा आवाज तेवढा राहिला. सात नंबर आत घुसायला निघाला. कॅप्टनने त्याची कॉलर धरली. नियम म्हणतो, ज्याला सगळ्यात नीट दिसलं त्याचं मानायचं. इथे दोघी हातभर अंतरावर, आणि दोघींना वाटतं आपल्यालाच नीट दिसलं. दोघींपैकी एक खोटं बोलत असती तर सोपं होतं. अकरा नंबरने डिस्क उलटी करून पाहिली, जणू तिच्या पाठीवर लिहिलेलं असेल. पिवळी मुलगी कोपराची सोललेली कातडी फुंकत होती. एकदा दोघी बोलल्या, पुन्हा बोलल्या, आवाज चढला, उतरला.

मग अकरा नंबरने डिस्क चार नंबरकडे परत दिली. एकमत झालं नाही तर असंच करायचं असतं, शेवटची फेक झालीच नाही असं धरायचं. जो तो आपापल्या जागी गेला. समोरच्याने डिस्कला बोट लावलं. "चेक." मोजणी सुरू.

चार नंबरने पुन्हा तिलाच फेकली. पिवळ्या मुलीने मध्येच हात घालून ती खाली पाडली. दोन पासमध्ये पिवळ्यांचा पॉइंट. १०–९.

[दृश्य: संकलनाचा पडदा. तीच झेप, एक-एक फ्रेम.]

आमच्याकडे त्या झेपेचं चित्रण आहे. रात्री आम्ही ते सात वेळा पाहिलं. एका फ्रेममध्ये डिस्क जमिनीच्या बोटभर वर आहे. पुढच्या फ्रेममध्ये अकरा नंबरचं मनगट मध्ये येतं. त्याच्या पुढच्या फ्रेममध्ये डिस्क तिच्या हातात आहे. हवं ते मनगटामागे राहून गेलं. संघाने हे फूटेज मागितलं नाही. मागितलं ते काकांनी.

[दृश्य: वर्तुळ. दोन्ही संघ, एकाआड एक, खांद्यावर हात.]

मॅच संपली की असं वर्तुळ करायचं असतं. त्यात दोन्ही बाजू मनातलं बोलतात. पिवळी मुलगी म्हणाली, "मला अजूनही वाटतं लागली होती." अकरा नंबर म्हणाली, "मला अजूनही नाही वाटत." मग वर्तुळ सुटलं आणि दोघी एकाच कोपऱ्याकडे गेल्या, कारण पाण्याचा कॅन एकच होता.

यानंतर एक कागद भरायचा असतो. समोरच्या संघाला पाच बाबतींत गुण द्यायचे, प्रत्येकी शून्य ते चार. नियमांची जाण, अंगाशी अंग किती लावलं, निष्पक्षपणा, वागणं, बोलणं. नेहमीसारखं बरं खेळले तर दोन. निष्पक्षपणाला दोन की तीन, यावर बाकावर वीस मिनिटं खडाजंगी झाली. सात नंबर एकावर अडून होता. अकरा नंबरने पेन घेतलं, तीन लिहिलं आणि बूट बदलायला गेली.

मागच्या रांगेत काका डबा पिशवीत घालत होते. आम्हाला म्हणाले, "पंच असता त त्याले शिव्या देऊन मोकळे झालो असतो. आता कोणाले देऊ?"

दुपारच्या शेवटच्या मॅचबद्दल सांगण्यासारखं फार नाही. संघ सहावा आला.

[दृश्य: संध्याकाळ. रिकामा हॉल. निळी बॅग, डिस्क मोजणारे हात.]

पाच आणल्या होत्या. चार आहेत. वर्गणी काढून घेतलेल्या, त्यामुळे एकसुद्धा सोडवत नाही. कॅप्टन चौकीदाराला घेऊन कोर्टाच्या मधोमध येते आणि वर बोट दाखवते.

"ते?" चौकीदार मान वर करून बघतात. "तिथवर जाईल अशी शिडी नाही ना इथं. ट्यूबलाइट गेली की शिडी बोलावतात. तवा काढून ठेवीन."

ते बादली उचलून निघून जातात. कॅप्टन तिथेच उभी राहते आणि छताला किती ट्यूबलाइट आहेत ते मोजते. सगळ्या चालू आहेत.