कागद कंपनीचे, पण हात कुणाचा?

अमेरिकेत 'मी फिफ्थ घेतो' म्हटलं की विषय संपला, असं आपल्याला सिनेमे बघून वाटतं. फिफ्थ अमेंडमेंट म्हणजे अमेरिकन घटनेची पाचवी दुरुस्ती, 1791 ची, क्रिमिनल केसमध्ये स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची जबरदस्ती नाही, हे बरोबर. पण सबपीना (हजर व्हा किंवा कागद द्या असा कायदेशीर हुकूम) आलाय तो कंपनीच्या वह्या आणून द्या म्हणून, मग? इथेच घोडं पेंड खातं.

सुरुवात छान झाली होती हो. 1886 ची बॉइड केस, काचांच्या आयातीवरची ड्यूटी चुकवल्याचं प्रकरण, सरकारने इनव्हॉइस मागितलं आणि सुप्रीम कोर्ट म्हणालं की खाजगी कागद बळजबरीने मागणं म्हणजे माणसाला स्वतःविरुद्ध बोलायला लावणंच. वीस वर्षांत ट्रस्टविरोधी (म्हणजे बाजार मुठीत धरणाऱ्या कंपन्यांच्या गटांविरुद्धच्या) चौकश्या सुरू झाल्या आणि 1906 ला हेलच्या केसमध्ये (तंबाखूचा ट्रस्ट) कोर्टाने सांगून टाकलं, कंपनीला राज्यानेच जन्माला घातलंय, तेव्हा तिला हे कवच नाही. 1911 मध्ये एका वायरलेस कंपनीचा प्रेसिडेंट विल्सन म्हणाला की पत्रांच्या कॉपी-बुकात मीच अडकतो. कोर्ट म्हणे अडकत असशील, वही कंपनीची आहे. पुढे कामगार युनियन, मग 1974 ला तीन पार्टनरची लॉ फर्मसुद्धा यातच गेली, म्हणजे वकीलही सुटले नाहीत!

आता मजा. 1976 च्या फिशर केसपासून विचारच बदलला. कागदातला मजकूर तुम्ही कधीतरी आपणहून लिहिलाय, त्यात जबरदस्ती कसली? पण कागद काढून देण्यातून तुम्ही न बोलता तीन गोष्टी कबूल करता: हे कागद आहेत, माझ्याकडे आहेत, आणि मागितलेले ते हेच. ही कबुली मात्र जबरदस्तीची असू शकते. म्हणून 1984 च्या डो केसमध्ये एकट्याच्या मालकीचा धंदा करणारा वाचला.

आणि 1988 ला आला ब्रॅसवेल. हाही आधी एकटाच मालक होता, 1980 मध्ये त्याने धंद्याची कंपनी केली. मिसिसिपीच्या कायद्याला तीन डायरेक्टर लागायचे म्हणून बायको आणि आई, कारभार सगळा याचाच. माणूस तोच, धंदा तोच. कंपनी केली नसती तर डोसारखा सुटला असता, पण 5 विरुद्ध 4 मतांनी हरला, का तर कागद तो नाही देत, त्याच्या हाताने कंपनी देते. मला विचाराल तर ही शुद्ध कल्पना आहे. न्यायमूर्ती केनेडींनीही विरोधी मतात हेच धरलं की शिक्षा खऱ्या माणसाला होणार आहे. तरी बहुमताची अडचण मला पटते, नाहीतर प्रत्येक घोटाळेबाज वह्या स्वतःच्या कपाटात ठेवून हात वर करेल.

कोर्टाने थोडं झुकतं माप दिलंय. कागद याने स्वतः आणून दिले असं सरकारने ज्युरीला सांगायचं नाही, कंपनीकडून आले एवढंच सांगायचं. शिवाय 1957 च्या कर्सिओ केसमुळे, वह्या हातात नसतील तर त्या कुठे आहेत हे तोंडाने सांगायची सक्ती नाही. बघा, वही द्या, पत्ता सांगू नका.

पण ज्या कंपनीत नोकर तोच, ऑफिसर तोच, तिथे 'कंपनीकडून आले' म्हटल्यावर ज्युरीला दुसरं कोण दिसणार? ब्रॅसवेलच्या निकालात हा प्रश्न एका तळटीपेत आहे, आणि कोर्टाने तो तिथेच उघडा सोडलाय.