मासे कुठे आहेत, हे कोणाला कळतं?

(दृश्य: मालवणचा किनारा. रापण ओढणारी माणसं.)

रापण म्हणजे होडीनं अर्धगोलात सोडलेलं जाळं, त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर. ओढायला अख्खी वाडी. मासळी आली की वाटे पडतात. बांगड्याचा थवा कुठे आहे, हे रापणकर पाण्याच्या रंगावरून, घिरट्या घालणाऱ्या पक्ष्यांवरून, काळोख्या रात्री चमकणाऱ्या पाण्यावरून ओळखतो.

तेच काम आता हैदराबादहूनही होतं. तिथे १९९९ साली ‘इन्कॉइस’ ही केंद्र सरकारची संस्था सुरू झाली. उपग्रह समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य टिपतात. गार आणि उबदार पाणी जिथे भिडतं तिथे प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, वाढतं, त्याच्यामागून मासळी येते. मग त्या जागेची दिशा, अंतर, खोली मच्छीमारांना कळवली जाते, मराठीतसुद्धा. ढग दाटले की उपग्रहाचंही काही चालत नाही!

सल्ला सगळ्यांना सारखाच, अगदी फुकट. पण खोल पाण्यात जायला इंजिन हवं, डिझेल हवं. वल्ह्याची होडी तिथे जातच नाही. जाते ती पर्ससीन जाळ्याची नौका, आणि ती अख्खा थवा घेरून उचलते. कोकणात हे भांडण जुनं. २०१६ साली राज्यानं पर्ससीनवर निर्बंध घातले, २०१७ साली केंद्रानं एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली. कागदावर तरी.

(दृश्य: बंदरात नांगरलेल्या नौका.)

नोव्हेंबर २००९. फयान वादळ आलं तेव्हा कोकणातल्या कितीतरी नौका समुद्रात होत्या. किनारा दूर गेला की मोबाइलची रेंज सुटते. म्हणून आता नौकांवर ट्रान्सपॉन्डर बसवताहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला देशभरातल्या एक लाख नौकांसाठी ही योजना सुरू झाली. वादळाचा इशारा उपग्रहामार्फत थेट नौकेवर येतो, अडचणीत खलाशी उलट निरोप धाडू शकतो. हे यंत्र जीव वाचवणारं आहे, यात वाद नाही. पण योजना इंजिनाच्या नौकांची. रापणीची होडी इथेही बाहेरच.

तिच्या बाजूनं उभं राहू शकेल, असं आम्हाला वाटतं ते एकच यंत्र: ड्रोन. जानेवारी २०२५ पासून राज्याचा मत्स्यव्यवसाय विभाग ड्रोननं समुद्रावर नजर ठेवतो. दिवे लावून मासे गोळा करणारी नौका वरून लपत नाही. आता त्या नौकेला गाठायला गस्ती नौकाही तितकीच वेगवान हवी, आणि ती रात्री बंदरात उभी राहून चालणार नाही.